उजेड वजा जाता

आमच्या घरात वडिलांचा एकच फोटो आहे. तो १९८५ सालच्या दिवाळीतला. वडिलांच्या एका स्नेह्याने नवा कॅमेरा घेतला होता आणि नरकचतुर्दशीच्या सकाळी तो गळ्यात अडकवूनच ते फराळाला आले होते. वडील सोप्यात बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला दार. दारातून आलेले कोवळे ऊन त्यांच्या अर्ध्या तोंडावर पडले होते. उरलेला अर्धा चेहरा, डावा खांदा आणि त्यामागचा कोपरा अंधारात होता. फोटो काढणारे हौशी होते. त्यांनी माणूस पाहिला, उजेड पाहिला नाही. पुढे दोन वर्षांनी वडील गेले आणि त्यांचा तो अर्धा चेहराच आमच्या वाट्याला आला.

गेल्या दिवाळीत आई मला म्हणाली, "अरे, ह्यांचा दुसरा गाल कधी दिसेल का रे? फोटोचं आता कॉम्प्युटरवर काय काय करतात म्हणे."

आईची निम्मीअधिक नजर गेली आहे. ती कशी गेली ते पुढे येईलच. जी उरली आहे तिने एकदा हा चेहरा पुरता पाहून घ्यावा, एवढीच तिची इच्छा होती.

भाऊबीजेला ताई आली. तिच्याबरोबर माझा भाचा आला. तो इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजीचे मागणे ऐकून त्याने फोटो चौकटीतून सोडवला, मोबाईलवर टिपून घेतला आणि मांडीवर कॉम्प्युटर उघडून बसला. "मामा, तासाभराचं काम आहे," तो म्हणाला. "उजेड वेगळा काढायचा, माणूस वेगळा काढायचा. मग उजेड थोडा कमी करून दोन्ही परत जोडायचे."

हे ऐकून मला गंमत वाटली. मी चित्रकलेचा शिक्षक. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि शाळेत लागलो. कादंबऱ्या लिहितो, पण पोट भरते ते रंग-कागदावर. पांढरा घन टेबलावर ठेवायचा, एका बाजूची खिडकी उघडायची आणि मुलांना सावली काढायला लावायची, हे मी वीस-बावीस वर्षे करीत आलो आहे. मराठीत हा 'काढणे' शब्द मोठा मिस्कील आहे. चित्र काढतात आणि पायातला काटाही काढतात. मी आयुष्यभर सावली पहिल्या अर्थाने काढली. माझा भाचा ती दुसऱ्या अर्थाने काढायला निघाला होता. मी त्याच्याजवळ सरकून बसलो आणि म्हणालो, "मला कळेल असं सांग."

त्याने सांगितले ते मला समजले तसे सांगतो. कॉम्प्युटरमधला फोटो म्हणजे ठिपक्यांची रास. प्रत्येक ठिपका म्हणजे ० ते २५५ यांमधला एक आकडा. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. पण हा आकडा मुळात एक नसतो. तो दोन गोष्टींचा गुणाकार असतो. त्या जागी उजेड किती पडला, ही एक गोष्ट. आणि त्या जागेने त्यातला किती परत धाडला, ही दुसरी. चुन्याची भिंत शंभरातला ऐंशी भाग उजेड परत देते, कोळसा चार-पाच भागच देतो. म्हणून भर उन्हातला कोळसा आणि अंधाऱ्या कोपऱ्यातली भिंत कॅमेऱ्याला सारखीच दिसू शकतात. कॅमेऱ्याला गुणाकार तेवढा कळतो. समोर बारा आले तर ते बे सक बारा की तीन चोक बारा, हे बाराला विचारून कळत नाही.

मग ते वेगळे करायचे कसे? इथे एक गृहीत धरावे लागते. उजेड सावकाश बदलतो आणि वस्तू एकदम बदलते, हे ते गृहीत. दारापाशी ऊन असते, आत येता येता ते मंद होत जाते. मध्ये कुठे पायरी नसते. पण चेहऱ्यावर भुवई संपली की लगेच कपाळ; मिशीचा काळा केस आणि ओठ यांत सुतभरही अंतर नाही. म्हणजे चित्रात जे हळूहळू बदलते ते बहुधा उजेडाचे आणि जे झटकन बदलते ते बहुधा वस्तूचे. तबल्याच्या जोडीत डग्गा घुमतो आणि चाटी कडाडते, आणि दोन्ही एकदम वाजत असली तरी जाणकार कान त्यांना वेगळे ओळखतो, तसेच हे. या हळू-जलद बदलालाच शास्त्रात वारंवारिता म्हणतात. कोणताही वेडावाकडा चढउतार लहानमोठ्या नियमित लाटांची बेरीज म्हणून मांडता येतो, हा विचार फूरिये नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने उष्णता धातूतून कशी पसरते याचा अभ्यास करताना पुढे आणला. त्याचे पुस्तक १८२२ साली निघाले. फोटोच्याही अशा लाटा करता येतात. लांब, संथ लाटा उजेडाच्या. आखूड, चपळ लाटा वस्तूच्या.

एक अडचण मात्र उरते. लाटा निवडून बाजूला काढता येतात त्या बेरजेतून, गुणाकारातून नाही. आणि आपल्यासमोर गुणाकार आहे. इथे मदतीला येतो तो नेपियर या स्कॉटिश माणसाने १६१४ साली जगापुढे मांडलेला लॉगॅरिदम. आकड्यांचे लॉगॅरिदम घेतले की गुणाकाराची बेरीज होते. मग संथ लाटा दाबायच्या, चपळ लाटा थोड्या उचलायच्या आणि शेवटी उलट वाटेने मूळ आकड्यांवर परत यायचे. यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडली. शून्याचा लॉगॅरिदम निघत नाही. म्हणून हिशेबाला बसण्याआधी प्रत्येक ठिपक्यात एक मिळवतात. अगदी काळ्याला काही विचारायचे तर आधी त्याच्या पदरात एक टाकावा लागतो.

या रीतीला होमोमॉर्फिक फिल्टरिंग असे भारदस्त नाव आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत अ‍ॅलन ओपनहाइम यांनी तिचा पाया घातला. १९६८ साली ओपनहाइम, रोनाल्ड शेफर आणि थॉमस स्टॉकहॅम या तिघांनी मिळून ती विस्ताराने मांडली. यांपैकी स्टॉकहॅम यांनी याच विचाराने पुढे एक सुरेख काम केले. कारूसो हा इटलीचा थोर गायक १९२१ साली वारला. त्याच्या काळी ध्वनिमुद्रण मायक्रोफोनवाचून, नुसत्या कर्ण्यात गाऊन होत असे, आणि त्या कर्ण्याचा स्वतःचा घुमारा गायकाच्या गळ्याला चिकटून बसे. स्टॉकहॅम यांनी कर्ण्याचा वाटा अजमावला, तो वजा केला आणि उरलेला गळा १९७६ साली नव्या तबकडीवर लोकांना ऐकवला. गाणारा जाऊन पंचावन्न वर्षे झाली होती.

ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले की, हे तर आपण सगळेच रोज करतो. त्याच दिवशी सकाळी ताईने दारात रांगोळी घातली होती. ती अर्धी उन्हात होती आणि अर्धी तुळशीवृंदावनाच्या सावलीत. सावलीतल्या पांढऱ्या रेघेवरून डोळ्यांत येणारा उजेड उन्हातल्या करड्या फरशीवरून येणाऱ्या उजेडाहून कमीही असेल; तरी कुणी म्हणाले नाही की, ताई, तुझी रांगोळी इथे करडी झाली. डोळा सावली वजा करूनच पाहतो. झटपट फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी १९६४ साली या कारभाराला 'रेटिनेक्स' असे नाव सुचवले. डोळ्याचा पडदा आणि मेंदूची साल, या दोन्हींच्या इंग्रजी नावांचे ते जोडनाव. कारण हा हिशेब नेमका कुठे होतो, हे त्यांना सांगता येईना. १९९५ साली एडवर्ड एडल्सन यांनी एक चित्र केले. त्यात बुद्धिबळाच्या पटावर एका नळकांड्याची सावली पडली आहे. सावलीतले पांढरे घर आणि बाहेरचे काळे घर कागदावर अगदी एकाच छटेचे आहे, पण आपल्याला ते काही केल्या तसे दिसत नाही. हे चित्र मी दरवर्षी वर्गात दाखवतो. मुले बोटांनी बाकीचा पट झाकून पाहतात, पटल्यावर ओरडतात, आणि बोट काढले की पुन्हा फसतात. त्यांना मी सांगतो की हा डोळ्याचा दोष नव्हे, गुण आहे. डोळ्याला छटा मोजायची नसते, वस्तू ओळखायची असते.

मग माणसांच्या बाबतीत आपण हा गुण कुठे ठेवून येतो?

हा प्रश्न मला सुचला त्याला कारण आहे. ते सांगणे मला जड जाते, पण ते टाळून हा लेख पुढे जाणार नाही.

२००९ साली आठवीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगा होता. हात चांगला, रंगाची समज त्याहून चांगली. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसवायच्या मुलांत त्याचे नाव मी मनाशी पहिले धरले होते. आणि सहामाहीच्या सुमारास त्याचे रंग एकाएकी बिघडले. घरून करून आणलेली चित्रे पाहावीत तर आभाळाला जांभळट काळा रंग, मोगऱ्याची फुले पिवळी, निळ्या लुगड्याच्या जागी तपकिरी. एकदा नव्हे, लागोपाठ चार वेळा. मी चिडलो. चेष्टा करतोस का म्हणून विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, रात्री बरोबर दिसत होतं."

वर्ग हसला. मीही हसलो. नंतर मी त्याला बाजूला घेऊन, मला वाटले अतिशय समजूतदारपणे, सांगितले की काहींच्या डोळ्यांतच रंगांचा दोष असतो. त्यात लाज नाही, पण चित्रकलेच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. परीक्षेला मी त्याचे नाव पाठवले नाही. पुढल्या वर्षी त्याने शाळाच सोडली.

दोन वर्षांनी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, मी तालुक्याहून शेवटच्या एस.टी.ने परत आलो. फाट्यावर उतरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. तिथे लाकडाची एक वखार आहे. वखारीच्या आवारात उंच खांबावर सोडियमचा पिवळा दिवा जळत होता. माझ्या पिशवीत मुलांसाठी घेतलेल्या रांगोळीच्या रंगांच्या पुड्या होत्या. एक फुटली की काय म्हणून मी त्या दिव्याखाली सगळ्या काढून पाहिल्या, आणि मला माझे रंग ओळखता येईनात. निळी कुठली, जांभळी कुठली कळेना, हिरवी काळपट, पांढरी आणि पिवळी शेजारी धरल्या तरी एकच. ज्या उजेडात निळा रंग जवळजवळ नाहीच, त्यात निळी वस्तू निळे काय परत करणार? मी त्या पुड्या हातात धरून उभा राहिलो. मग आठवले की, त्या मुलाच्या वडिलांना वखारीत रखवालदाराची नोकरी लागली होती आणि घरचे सगळे आवारातल्या खोलीत राहायला गेले होते. ती याच वखारीत, आणि २००९च्या त्या सहामाहीच्याच सुमारास. खोलीत दिवा नसेल, किंवा धाकटी भावंडे निजली असतील. मुलगा रात्री बाहेर खांबाखाली बसून रंगवीत होता. त्याने माझ्याशी अक्षरही खोटे सांगितले नव्हते. रात्री बरोबरच दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मी वखारीत गेलो. नोकरी सुटून ते कुटुंब केव्हाच गेले होते. पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. आजही मला तो सापडलेला नाही.

माझी चूक काय झाली, ते त्या दिवशी भाच्याच्या शेजारी बसल्यावर मला नेमके समजले. मुलाचे रंग एकाएकी बिघडले, म्हणून दोष मुलाचाच असे मी धरले. जे झटकन बदलते ते वस्तूचे. पण उजेडही कधी कधी झटकन बदलतो. भाचाही म्हणाला, "मामा, ऊन कडक असलं आणि सावलीची कड धारदार पडली, की हा फिल्टर फसतो. त्याला वाटतं, ही रेघ चेहऱ्यावरचीच आहे." मग ती सावली पुसली जात नाही, उलट डागासारखी आणखी ठळक होते. बाप वारला, नोकरी गेली, घर बदलले, बहिणीचे लग्न मोडले, अशा गोष्टी मुलांच्या आयुष्यात रेघ ओढल्यासारख्या येतात. त्या रेघेपलीकडे मूल निराळे दिसू लागते आणि आपण प्रगतिपुस्तकात लिहितो : 'अभ्यासात लक्ष नाही.'

कुणी म्हणेल, तर मग सगळ्याच दोषांचे खापर परिस्थितीवर फोडा आणि मोकळे व्हा. नाही, याच्या उलट बाजूची चूकही मी केली आहे, आणि ती माझ्या आईच्या बाबतीत.

साधारण २०१६ सालापासून आई म्हणू लागली, "हल्ली घरात उजेड कमी पडतो रे." आम्हाला ते खरेच वाटले. जुने घर, छोट्या खिडक्या. मी दिवा बदलला. मग ट्यूब लावली. मग भिंतींना पांढरा रंग दिला. वीज कमी दाबाने येते असेही आम्ही ठरवून टाकले. दर वेळी आई दोन दिवस म्हणे, "आता बरं दिसतं," आणि पुन्हा चाचपडू लागे. अशी दीड वर्षे गेली. शेवटी उंबऱ्याला अडखळून पडली तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. तो काचबिंदू होता. त्यात डोळ्याची नस हळूहळू मरते, नजर कडेकडेने आत सरकत जाते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधाने राखता येते. घरात उजेड होता तेवढाच होता. आईच बदलत होती, पण इतकी सावकाश की, तो बदल आम्ही उजेडाच्या खाती लिहिला.

ही फिल्टरची दुसरी चूक. वस्तूत काही सावकाश बदलत असेल, गालाची गोलाई, कागदाचे पिवळे पडत जाणे, तर त्यालाही तो उजेड समजतो आणि दाबून टाकतो. मुलगा दारू प्यायला लागला तर आई म्हणते, संगत वाईट आहे. संगत बदलली तर म्हणते, नोकरीचा ताण आहे. प्रत्येक वेळी आपण भिंतीला नवा रंग देतो. या करुणेत प्रेम असते, हे मी नाकारीत नाही. पण तीत एक आळसही असतो. समोरच्या माणसात काही बिघडते आहे हे मान्य केले, तर त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे न्यावे लागते. दिवा बदलणे सोपे.

तेव्हा 'सगळा स्वभावाचा दोष' म्हणणारे आणि 'सगळा परिस्थितीचा दोष' म्हणणारे, हे दोघेही एकच चूक दोन टोकांनी करतात, असे मला वाटते. दोघांनाही गुणाकार नको असतो. एकच आकडा हवा असतो. मी भाच्याला विचारले, "हा संथ भाग पुरता शून्यच केला तर?" त्याने करून दाखवले. पडद्यावर एक सपाट करडा कागद उरला आणि त्यावर भुवया, मिशी, बटणे यांच्या नुसत्या कडा. ते वडील नव्हते. वडिलांचा छाप होता. "म्हणून शून्य करत नाहीत," तो म्हणाला. "संथ भाग साधारण निम्म्यावर आणतात आणि चपळ भाग दीडपट-दुप्पट करतात." मला हे निम्म्याचे माप शहाणपणाचे वाटले. परिस्थिती पुरती वजा केली तर माणूस उरत नाही. कारण तिच्यातूनच तो आलेला असतो. पण तिला पूर्ण मोजले तर तिच्यामागे तो दिसत नाही. न्याय करणाऱ्याने ती थोडी दाबावी आणि माणसाचे स्वतःचे म्हणून जे बारीक असते ते थोडे उचलून पाहावे. नेमके किती, याचे कोष्टक नाही. भाचाही आकडे बदलून बदलून पाहत होता आणि दर वेळी आजीला विचारीत होता, "आता?"

या हिशेबाची आणखी एक बाजू आहे, आणि ती आपण सहसा विसरतो. फिल्टर अंधारातला भाग वर आणतो, तसा उन्हातला भाग खालीही आणतो. वडिलांचा उजवा गाल मूळ फोटोत झगझगीत होता; भाच्याच्या फोटोत तो उतरला. आपण न्यायाच्या गप्पा मारतो त्या सावलीत बसलेल्यांबद्दल. स्वतः खिडकीशी बसलेला असलो तर आपल्या तोंडावरचे तेज आपल्याला कातडीचेच वाटते.

मी मॅट्रिक झालो, पुढे पदविका घेतली, पुस्तके लिहिली, गावात दोन माणसे मला ओळखतात. हे मी आजवर माझ्या नावावर मांडत आलो. वडील गेले त्या वर्षी ताई सातवीत होती. वर्गात तिचा नंबर पहिला-दुसरा असे. माझा कधीच नव्हता. वार्षिक परीक्षा झाल्यावर ती शाळेत गेली नाही. आईबरोबर शेंगा फोडायला जाऊ लागली. माझ्या फीचे, वह्यांचे, पहिल्या रंगपेटीचे पैसे त्या शेंगांतून आले. याची चर्चा आमच्या घरात कधी झाली नाही. मुलगा शिकतो आणि मुलगी कामाला जाते, हे इतके सावकाश, इतके चहूकडून पसरलेले होते की, कुणाला ते दिसलेच नाही. ज्याला पायरी नाही असा उजेड होता तो. भाऊबीजेच्या संध्याकाळी ताई मला ओवाळीत होती तेव्हा मी मनाशी वजाबाकी करून पाहिली. ताईच्या शेंगा वजा जाता माझे काय उरते? काही उरत नाही असे मी म्हणणार नाही. ती खोटी नम्रता होईल. पण मी मांडत आलो होतो त्याहून ते पुष्कळच कमी आहे. आणि ताईवर तेवढाच उजेड पडता तर ती काय झाली असती, हे सांगणारे यंत्र निघालेले नाही. तिचा मुलगा समोर बसून लॉगॅरिदम समजावीत होता, त्यावरून अंदाज तेवढा करता येतो.

फोटोचे काम तासाभरात झाले नाही, रात्रीपर्यंत चालले. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून छापून आणला आणि आईच्या हातात दिला. तिने तो खिडकीशी नेला, अगदी डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग डाव्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "हा तीळ. मी विसरूनच गेले होते बघ." सदतीस-अडतीस वर्षे ती त्या माणसाची आठवण काढीत होती, आणि आठवणीतल्या गालावर तीळ नव्हता. तिच्या आठवणीला जो फोटो मिळाला, तिने तोच पाठ केला होता.

थोड्या वेळाने तिने विचारले, "पण ऊन कुठं गेलं?"

भाचा गोंधळला. "आजी, तेच तर काढलं."

"त्या दिवशी पहिल्या आंघोळीनंतर ऊन आलं होतं," आई म्हणाली. "अभ्यंग करून ते तिथं उन्हाला बसले होते."

तेव्हा आता आमच्याकडे दोन फोटो आहेत. जुना भिंतीवर परत गेला, कारण त्यात सकाळ आहे. नवा आईच्या उशाशी असतो, कारण त्यात गाल आहे. मूळ फोटो फेकायचा नाही, एवढे या सगळ्यातून मी शिकलो. निवाडा कितीही विचाराने केलेला असो, ज्यावरून तो केला ते कागद जपून ठेवावेत. उद्या कुणी शहाणा येईल आणि दुसऱ्या मापाने पाहील. त्या मुलाची चार चित्रे मी ठेवली नाहीत. असती तर आज ती सोडियमच्या दिव्याखाली धरून पाहिली असती. बहुधा त्यांत निळे आभाळ दिसले असते. आता मी वर्गात कुणाचे चित्र बिघडलेले पाहिले तर आधी विचारतो, "कुठं बसून काढलंस?" पुष्कळदा उत्तर येते, "घरीच, सर," आणि चित्र वाईट ते वाईटच निघते. पण विचारल्यावाचून राहत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. वडिलांच्या मागे जो काळा कोपरा होता, तोही नव्या फोटोत वर आला आहे. त्यात काही फिकट तिरप्या रेघा दिसतात. ताई म्हणते, त्या कामट्या आहेत. वडील आकाशकंदील बांधीत होते आणि फोटोपुरते उठून पुढे बसले. भाचा म्हणतो, "आई, तिथं उजेड पोचलाच नव्हता. जिथं काही नोंदलंच गेलं नाही तिथं हा फिल्टर नुसते फिल्मचे दाणे मोठे करतो. त्यात जे पाहू ते दिसतं." मला मात्र एवढे आठवते की, त्या वर्षी आमच्या दारात कंदील लागला नव्हता. मी सहा वर्षांचा होतो. शेजारच्या घरी लागला होता आणि आमच्या नव्हता, याचा राग मी वडिलांवर धरला आणि ते गेल्यावरही तो पुरता सोडला नव्हता. आता ते कंदील बांधायला घेऊन पैशाअभावी, किंवा दुखण्यामुळे, पुरा करू शकले नाहीत, असे मानावे काय? मानायला मन फार अधीर आहे. पण ज्या कोपऱ्यात उजेडच नव्हता तिथला निकाल मला देता येत नाही. ना त्यांच्या विरुद्ध, ना त्यांच्या बाजूने. एवढेच की, चाळीस वर्षे जो निकाल मी लावून बसलो होतो तो मागे घेतला आहे.

यंदा भाऊबीजेला भाचा यायचा आहे. मी कामट्या आणून माळ्यावर ठेवल्या आहेत.